दाखल्यासाठी आठ-आठ दिवस खेटे

प्रश्न : रायगड किनारपट्टीवर आमच्या संस्थेचं उर्दू हायस्कूल आहे. मी नुकताच सचिव झालो. आखातात नोकरीला असलेले माजी विद्यार्थी सुट्टीवर येतात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी आठ-आठ दिवस खेटे घालतात. सॉफ्टवेअर घेतलं, पण आमचे जुने क्लार्क चाचा त्याला हात लावत नाहीत. काय करावं?

उत्तर : सचिवसाहेब, सॉफ्टवेअर तूर्त राहू द्या. मी उर्दू हायस्कूलचीच मुख्याध्यापिका होते. चाचांशेजारी बसा आणि एक जुनी नोंद ते कशी शोधतात ते बघा. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, दाखल क्रमांकाने चालतं, नावाने नाही. प्रवेशाचं साल आठवत नसेल तर पानं उलटत बसावं लागतं. त्यातून एकाच वर्षी तीन-तीन अब्दुल रहमान. मग चाचा विचारतात, "कुठल्या मोहल्ल्यातला? आजोबा कोण?" ही सगळी माहिती त्यांच्या डोक्यात आहे आणि ते निवृत्त झाले की तीही जाईल.

म्हणून आधी सूची करा : नाव, वडील, मोहल्ला, जन्मसाल, रजिस्टरचा नंबर, पान. चाचा सांगतील, एखादा तरुण शिक्षक एक्सेलमध्ये भरेल. आधी गेली पंचवीस वर्षं घ्या, मग मागे जा. सूचीवर तयार करणारे म्हणून चाचांचं नाव घाला, मग बघा कॉम्प्युटरची भीती कुठे जाते ती. मूळ रजिस्टर मात्र जपायचं. नक्कल त्यावरूनच निघते.

खरी डोकेदुखी स्पेलिंगची. रोमन लिपीत 'मोहम्मद' चार तऱ्हांनी लिहितात. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. आता यू-डायसमध्ये, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आधारशी नाव जुळलं नाही की शाळेलाही त्रास होतो. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्यावरचंच स्पेलिंग लिहा आणि पालकांची सही घ्या. नववीत प्रत्येक पालकाला मुलाची नोंद पुन्हा दाखवा. दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि मूल शाळेत आहे तोवरच ते काम सोपं असतं.

आणखी एक, राग मानू नका. "आपला माणूस आहे, आधी काढून द्या," असे ट्रस्टींचे फोन ऑफिसात येत असतील तर ते आधी तुम्ही बंद करा. अर्ज आला की तारीख घालून पोच द्या, दाखला कधी मिळेल ते त्यावरच लिहा.

हल्ली रमजान आणि दहावीची परीक्षा एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत नवं काही काढू नका. सूचीचं काम दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या, सॉफ्टवेअर जूनच्या प्रवेशांपासून.