निवृत्तीचं वय ६० करावं का? आणि सरकारी पेन्शन हा खासगी नोकरदारांवर अन्याय आहे का?

तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करावं का, हा एक. आणि आपल्या करातून त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, खासगीवाल्याच्या हातात मात्र दोन-तीन हजार पडतात, हे न्याय्य आहे का, हा दुसरा. माझं मत सांगतो: वय सरसकट वाढवू नये. पेन्शनमधला अन्याय खरा आहे, पण तुम्ही बोट दाखवताय तिथे तो नाही.

आमच्या घरात दोन्ही पेन्शनी येतात. मी सगळी नोकरी खासगी कारखान्यात केली, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिची पेन्शन माझ्या दहापटीहून जास्त आहे. त्यामुळे या विषयावर घरात वाद होतच नाही, निकाल आधीच लागलेला आहे.

आधी वयाचं बघू. फ्रान्समध्ये २०२३ साली ६२ चं ६४ केलं म्हणून लाखो लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे कर्मचारी संघटनाच वय वाढवून मागतात. कारण सरळ आहे. तिथे वय वाढलं की पेन्शन लांबते. इथे सरकारी माणसाचं वय वाढलं की दोन वर्षं पूर्ण पगार मिळतो, दोन वेतनवाढी पडतात आणि जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी, असेल तर तीही त्या वाढलेल्या मूळ वेतनावर बसते. सरकारलाही तात्पुरतं बरं वाटतं, कारण ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि विकलेल्या पेन्शनची (म्हणजे तिचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेली) रक्कम, हे सगळं दोन वर्षं पुढे जातं. देणं फिटत नाही, फक्त पुढच्या अर्थमंत्र्याच्या गळ्यात पडतं.

संघटनांचा मुद्दा असा की केंद्राने १९९८ मध्येच ६० केलं, आंध्र प्रदेश तर २०२२ मध्ये ६२ वर गेला, आपल्याकडेही चतुर्थ श्रेणीला ६० आहेच, मग बाकीच्यांना ५८ का? मुद्दा चुकीचा नाही. पण इकडे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं वयोमर्यादा संपायची वाट बघत बसलेली असतात. दोन वर्षं निवृत्तीच नाही म्हणजे त्यांच्यासाठी दोन वर्षं जागाच रिकामी नाही.

एका गटासाठी मात्र ६० चा मला खरा उपयोग दिसतो. उशिरा लागलेल्यांसाठी. ३५ व्या वर्षी लागलेला माणूस ५८ ला निवृत्त झाला तर सेवा २३ वर्षं होते. यूपीएसमध्ये, म्हणजे हमीच्या पेन्शनच्या ज्या नव्या ‘एकीकृत’ योजनेला राज्य मंत्रिमंडळानेही ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली तिच्यात, पूर्ण निम्म्या पेन्शनसाठी २५ वर्षं लागतात. त्याला दोन वर्षं दिली तर पुढचं सगळं म्हातारपण बदलतं. ज्याची जुनी पेन्शन आधीच पक्की आहे त्याला ती कशासाठी द्यायची?

आता खासगीकडे वळा. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबत खासगी नोकरदारांना लागू असणाऱ्या पेन्शन योजनेची पेन्शन ५८ ला सुरू होते. न्यायाच्या नावाखाली उद्या तिथेही ६० केलं तर काय होईल? आमच्यातले कितीतरी जण पन्नाशीतच कंपनीबाहेर पडलेले असतात, कुणी व्हीआरएस घेऊन, कुणी युनिट बंद पडलं म्हणून. त्यांना दोन वर्षं जास्तीचा पगार मिळणार नाही, दोन वर्षं जास्तीचं बिनपगारी थांबणं मिळेल. एकच आकडा, एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला दंड. म्हणून ‘वय सगळ्यांचं सारखं करा’ हे ऐकायला समतेचं वाटलं तरी मला पटत नाही.

पेन्शनच्या बाबतीतही रेघ ‘सरकारी विरुद्ध खासगी’ अशी सरळ नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. (ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेआधीची होती त्यांना २०२४ मध्ये तिचा पर्याय मिळाला.) म्हणजे एकाच शाळेत, शेजारच्या वर्गावरच्या दोन शिक्षकांत एकाला निम्म्या पगाराची हमी, तीही महागाईबरोबर वाढणारी, आणि दुसऱ्याच्या पगारातून १० टक्के कापून बाजाराच्या भरवशावर. मार्च २०२३ चा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ वाला आठवड्याचा संप याच रागातून झाला. त्याच्या काही महिने आधी नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी जुन्या पेन्शनचा १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असं सांगितलं होतं. पुढे दीड वर्षात यूपीएसच्या रूपाने हमीची पेन्शन आलीच. संघटित असण्याचा फायदा असतो तो असा.

आमची रड वेगळीच आहे. ईपीएसचं सूत्र म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. यात पगार म्हणजे तुमचा खरा पगार नव्हे. सर्वसाधारणपणे तो १५,००० ला अडवलेला आहे, सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधीच्या सेवेला तर ६,५०० धरतात. आता १८ वर्षं ६,५०० ने आणि ९ वर्षं १५,००० ने मांडून बघा, ३,६०० रुपये येतात. थोडं वेटेज, म्हणजे सेवेची जादा धरलेली वर्षं, मिळतं, पण गाडी चार हजारांच्या आसपास थांबते. माणूस मॅनेजर होता की फिटर, फरक पडत नाही. शिवाय महागाई भत्ता नाही, त्यामुळे पहिल्या महिन्याची रक्कम तीच कायमची. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासूनची.

आणि सातव्या वेतन आयोगाने केंद्रात अगदी खालच्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन २०१६ पासून १८,००० केलं. म्हणजे सरकारच्या हिशेबाने स्वतःच्या शिपायाला पहिल्या दिवशी जितकं लागतं, त्याहून कमी पगार धरून खासगीतल्या माणसाची आयुष्यभराची पेन्शन काढली जाते. अन्याय म्हणायचा तर मी याला म्हणेन. माझ्या बायकोची पेन्शन कापून माझी एक रुपयाने वाढणार नाही. ती तिजोरीतून येते, माझी मालकाच्या ८.३३ टक्क्यांतून आणि केंद्राच्या १.१६ टक्क्यांतून. मर्यादा वाढवा, पेन्शन थोडी तरी महागाईशी जोडा, ही मागणी केंद्राकडे करायची आहे.

एक कबूल करायला हवं: आम्हाला पीएफची एकरकमी रक्कम मिळते, त्यात मालकाचाही वाटा असतो. जुन्या पेन्शनवाल्यांच्या जीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीत, फक्त त्यांचेच पैसे असतात. नुसत्या मासिक पेन्शनची तुलना म्हणून अर्धवट आहे. पण माझा पीएफ घराच्या कर्जात गेला, आणि असं होणारा मी एकटा नाही.

तुम्ही ४४ वर्षांचे आणि खासगीत आहात असं लिहिलंय, म्हणून शेवटी कामाचं. नोकरी बदलताना ईपीएसचे पैसे काढू नका, सेवा नव्या खात्यात जोडून घ्या. एकूण १० वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शन मिळतच नाही. ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी ४ टक्के कापले जातात, तेही कायमचे. उलट ५८ ला घर दुसऱ्या उत्पन्नावर चालत असेल तर पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलता येते आणि वर्षाला ४ टक्के वाढते. पीएफ खात्याच्या नोंदीत जुन्या कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख भरलेली आहे का, तेही आत्ताच बघून ठेवा. ५८ ला धावपळ होते ती बहुतेक वेळा त्या एका रकान्यापायी.