बेने इस्रायली ज्येष्ठांचा क्लब कसा चालवावा? वाचकांची प्रश्नोत्तरे

मुंबईतलं ज्यू कम्युनिटी सेंटर असो, की ठाण्या-पुण्यातल्या सिनेगॉगचा (प्रार्थनास्थळाचा) हॉल, आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, ज्येष्ठांचा क्लब चालवणाऱ्यांच्या अडचणी सारख्याच असतात. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांहूनही कमी भरले. त्यातली तरुण मंडळी बरीचशी इस्रायलला. मागे राहिलेल्या आई-वडिलांना आठवड्यातून एकदा आपल्या माणसांत बसता यावं, एवढ्यासाठी ही खटपट. या वेळी आलेल्या प्रश्नांतून काही निवडले आहेत.

आमच्या वहीत चाळीस नावं आहेत, येतात नऊ-दहा. हाऊजी ठेवली, जुन्या गाण्यांचा कार्यक्रम केला, डॉक्टरांचं व्याख्यानही झालं. हजेरी काही वाढत नाही. (स्वयंसेविका, ठाणे)

कार्यक्रम बदलायच्या आधी न येणाऱ्या तीस जणांना फोन करा. मात्र ‘का येत नाही?’ असं विचारू नका. त्यावर ‘बरं नसतं हो’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘घरातून निघाल्यापासून हॉलमधल्या खुर्चीत बसेपर्यंत काय काय करावं लागतं?’ असं विचारा आणि ऐकत राहा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कल्याणहून लोकल, मग स्टेशनचा पूल. जवळचं भाडं म्हणून रिक्षावाला नाही म्हणतो. आणि जे कुणीच मोठ्याने बोलत नाही ते हे: हॉलचं शौचालय भारतीय पद्धतीचं आहे, एकदा बसलं की उठता येत नाही. म्हणून सकाळपासून पाणी न पिता येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तिथे एक कमोड आणि भिंतीला एक दांडा बसवा. दहा व्याख्यानांनी होणार नाही ते त्याने होईल.

वेळेचंही तसंच. शनिवार शब्बाथचा, म्हणजे धर्माने सांगितलेल्या विश्रांतीचा, तो प्रश्नच नाही. रविवारी सगळे मोकळे असतात हे खरं, पण रविवारी मेगाब्लॉकही असतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गाडी रद्द झाल्यावर फलाटावर तासभर उभं ठेवणं हा छळ आहे. मंगळवार किंवा बुधवार, साडेअकरा ते तीन, ही वेळ मला सगळ्यात बरी वाटते. येताना-जाताना दोन्ही वेळा गाडीत बसायला मिळतं. शुक्रवार घेणारच असाल तर दोनच्या आत आटपा. मुंबईकडे थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि शब्बाथचे दिवे त्याआधी लागायचे असतात, त्यामुळे घरातल्या बाईचा जीव दुपारपासूनच घड्याळाकडे लागलेला असतो. वर्गणीतला पहिला पैसा रिक्षासाठी राखून ठेवा. एका वाटेवरचे तिघे मिळून येतील अशा जोड्या लावा. जुलैत जोराचा पाऊस असेल त्या आठवड्यात हॉल बंद ठेवून कुणाच्या तरी घरी चौघा-पाचांनी बसावं.

आता हाऊजीबद्दल. हाऊजी वाईट नाही, पण तिथे माणूस फक्त नंबर ऐकायला येतो. तो नाही आला तरी कुणाचं काही अडत नाही, आणि हे त्याला कळतं. ज्याच्या येण्यावर दुसऱ्याचं काही अवलंबून आहे, तो पाय दुखत असले तरी येतो. एका क्लबात ऐंशीच्या आसपासच्या एक बाई कोपऱ्यात बसून असायच्या. त्यांच्याकडे किद्दुशच्या, म्हणजे द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, शरबताचं काम दिलं. काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी हाताने कुस्करायच्या, मलमलीतून पिळून गाळायच्या. मिक्सरला त्यांनी साफ नकार दिला, बिया वाटल्या जातात आणि कडवट लागतं म्हणून. पुढे त्या सगळ्यांच्या आधी हजर असायच्या, आणि शरबत पातळ झालं तर मनुका कुणी आणल्या याची चौकशी व्हायची. चाळीस जणांना चाळीस कामं मिळणार नाहीत, पण पंधरा नक्की मिळतील: फोन करणं, वहीत हजेरी लिहिणं, आजारी माणसाला भेटून येणं, वाढदिवस लक्षात ठेवणं. स्वयंसेवकांनी सगळं हातात आणून द्यायची सवय आधी सोडली पाहिजे.

खाण्यापिण्यावरून दर वेळी वाद होतो. काही जण कश्रुत (खाण्यापिण्याचे ज्यू नियम) काटेकोर पाळतात, काहींना मधुमेह आहे, काहींना घरचंच हवं. सर्वांना चालेल असं काय ठेवावं? (व्यवस्थापक, मुंबई)

क्लबच्या स्वयंपाकघरात मटण-चिकन आणूच नका, म्हणजे निम्मा वाद तिथेच संपतो. मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. त्यामुळे जेवणात चिकन असलं की दुधाचा चहा गेला, आणि चहाशिवाय आपल्या लोकांची बैठक होत नाही. शाकाहारी जेवण, वर चहा, प्रश्न मिटला. जे जास्त कडक पाळतात त्यांना मोकळेपणाने विचारा की कोणती भांडी आणि कुणाच्या हातचं चालेल, आणि ते नियम स्वयंपाकघरात लिहून लावा. बऱ्याच क्लबांत खरं भांडण नियमांवरून नसतंच. आपल्याला विचारलं नाही, याचं असतं.

पेसाहचे, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीच्या सणाचे, आठ दिवस पाव, बिस्किटं, खारी, रव्याचं काहीही आणू नका. आपल्याकडे भात चालतो, तेव्हा सोय कठीण नाही. तिशा बेआवच्या, म्हणजे मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिवसाच्या (जुन्या पिढीचा बिरड्याचा सण), आठवड्यात गाणी-सहल ठेवू नका. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाच्या, आधी मात्र एक बैठक मुद्दाम घ्या आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उपासाबद्दल डॉक्टरांना आणि हज्जानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारायला सांगा. उपास न धरण्याची मुभा धर्मातच आहे, पण ती कुणीतरी अधिकाराने सांगावी लागते. घरच्या सुनेचं ऐकत नाहीत.

महिन्यातून एकदा मलिदा, म्हणजे आभाराच्या प्रार्थनेचा गोड पोह्यांचा प्रसाद, करा. चूल लागत नाही आणि सगळ्यांना हात लावता येतो. पोहे भिजवून निथळायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, बाजूला फळांचं ताट. विळीवर खाली बसून खोवणं आता कुणाला जमत नाही, तेव्हा टेबलाला पकडून बसणारी खोवणी आणा. ज्यांचे हात थरथरतात ते बदाम सोलतील. मधुमेह असणाऱ्यांसाठी साखर घालण्याआधी एक भाग वेगळा काढा, आणि त्यांना तो वेगळ्या टेबलावर नव्हे, त्याच पंगतीत द्या. मग एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाहूचं) गाणं आणि फळांवरच्या बेराखा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना. आजारातून उठलेल्याचा, नातवाच्या लग्नाचा, नव्या घराचा मलिदा या निमित्ताने क्लबात होऊ लागतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला घरी दहा माणसं जमवणं शक्य नसतं, इथे ती जमलेलीच असतात.

बायका येतात, गातात, हसतात. पुरुष येतच नाहीत, आले तर वर्तमानपत्र वाचून जातात. (सदस्य, पुणे)

पुरुषांना ‘या, गप्पा मारू’ म्हटलं की ते येत नाहीत. काम आहे म्हटलं की येतात. यातले कितीतरी जण रेल्वेत, पोस्टात, लष्करात, बँकेत नोकरी केलेले. चाळीस वर्षं रजिस्टरं आणि फायली सांभाळलेले. त्यांच्यापुढे समाजाचे जुने फोटो मांडा आणि कोण कुठे बसलंय, साल कोणतं, हे लिहून घ्यायला सांगा. दुसरं काम याहूनही मोलाचं: कब्रस्तानाची नोंद. जुन्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर असतो आणि पावसाने अक्षरं झिजत चालली आहेत. तरुण पोरं मोबाइलवर फोटो काढतील. पण अमुक चेउलकर कोणत्या घराण्यातले, दिवेकरांशी त्यांचं नातं काय, हे सांगणारे हेच आजोबा. थोडी घाई करा. माहिती असलेली माणसं दरवर्षी कमी होताहेत.

मी लोदला राहते. आई मुंबईत एकटी, वय ८१. हल्ली ती विसरते, तेच तेच विचारते. क्लबवाल्यांनी सांगितलं, सोबत कुणी असेल तरच पाठवा. हे बरोबर आहे का? आणि इतक्या दुरून मी काय करू? (मुलगी, इस्रायल)

ताई, सोबतीची अट योग्य आहे, पण ती दार बंद करण्यासाठी वापरली जाऊ नये. आधी स्मृती तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. विसरण्यामागे कधी कधी थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा एखादी गोळी असते, आणि त्यावर उपाय असतो. मग क्लबशी बोला: येण्या-जाण्याला सांभाळणारी बाई बरोबर असेल, आणि आत आईच्या शेजारी रोज तीच एक मैत्रीण बसेल. जागाही तीच ठेवायची. विसरणाऱ्या माणसाला गोंगाट सोसत नाही, म्हणून दीड तास पुरे. ‘मला ओळखलंत का?’ असं कुणीही विचारायचं नाही. जवळ जाऊन स्वतःच नाव सांगायचं. नाव आठवत नाही, पण प्रार्थनेची चाल लागली की आई पूर्ण म्हणेल, तेव्हा तिला गाण्याच्या भागात जरूर बसवा.

तुमच्यासाठी: व्हिडिओ कॉल क्लबच्या वेळेतच ठरवून घ्या, म्हणजे फोन लावून द्यायला कुणीतरी असेल. इस्रायलचं घड्याळ भारताच्या मागे असतं, उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास. इथले दुपारचे अडीच म्हणजे तुमच्याकडे अकरा किंवा बारा. मुलं तेव्हा शाळेत असतात, त्यामुळे नातवंडांसाठी सुट्ट्यांचे दिवस धरा. दर आठवड्याला एकाच दिवशी, दहा मिनिटं. नातवंडांना मराठी येत नसेल तरी चालेल, एक गाणं पाठ करवून घ्या.

आमच्या बिल्डिंगमधल्या मराठे काकू आणि एक ख्रिस्ती बाई क्लबला यायचं म्हणतात. चालेल का? (सदस्य, मुंबई)

जरूर चालेल, पाहुण्यांचे दिवस ठरवून. २००८ मध्ये नरिमन हाउस या मुंबईतल्या ज्यू केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर दारावरची तपासणी आपल्याला सोडता येत नाही, म्हणून नावं दोन दिवस आधी द्या आणि कार्यक्रमाचा दिवस-वेळ फेसबुकवर टाकू नका. काकूंना आधीच समजावून सांगा, म्हणजे पर्स उघडायला लावली तर त्यांना वाईट वाटणार नाही. बाहेरून खाऊ आणायचा असेल तर फळं आणावीत.

दिमोनात भारतीय ज्येष्ठांचा गट आहे. शिकवणारी मुलगी हिब्रूच बोलते. आजींना रोजच्यापुरतं हिब्रू येतं, पण त्या गप्प बसून असतात. (स्वयंसेवक, इस्रायल)

पन्नास-साठ वर्षं तिथे राहून, कारखान्यात राबून, त्या बायकांनी हिब्रूत व्यवहार केला. आता थकल्यावर मन मराठीत बोलतं. मुलीला बदलू नका, तिला मराठी जाणणारा एक जोडीदार द्या. आणि कीर्तन सुरू करा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेने इस्रायली मंडळी मोशे, योसेफ, एलियाहू यांची आख्यानं मराठी कीर्तनात लावत आली आहेत. साकी, दिंडी, मधे गद्य. एका आजीने कथा सांगायची, बाकींनी धृपद धरायचं, झांज त्या शिकवणाऱ्या मुलीच्या हातात. कथा तिला धर्मग्रंथांतून ठाऊक आहेच, त्यामुळे शब्द कळले नाहीत तरी कुठवर आलो ते कळेल. पहिल्या दिवशी योसेफाचं आख्यान घ्या, भावांनी विकल्याचा भाग. तो सगळ्यांना येतो. इस्रायलमधून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर तेही मोठ्याने वाचून दाखवा, आणि वाचायला दर वेळी वेगळी आजी बसवा. चष्मा घरी विसरला म्हणणाऱ्या निघतीलच, म्हणून वेगवेगळ्या नंबरांचे दोन-तीन वाचायचे चष्मे टेबलावर ठेवून द्या.