आठ फेडरचं यंत्र आणि आरडीचे 1,10,000

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग फोनवरही बोललो. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही पारोळ्याचे. जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी, हातात 31,000 पगार. घरात पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. संध्याकाळी आणि रविवारी घरच्याच खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करून, मिक्स करून देता. गेल्या वर्षी 46 गाणी झाली, गाण्याला 3,000 प्रमाणे 1,38,000 आले आणि ढोलकीवाल्याचं मानधन, वीज वगैरे जाऊन 96,000 उरले. पुढच्या महिन्यात 1,10,000 ची आरडी मोकळी होतेय आणि त्यातून 58,000 चा बेहरिंगर एक्स-टच (कंट्रोल सरफेस, म्हणजे आवाज वर-खाली करायच्या सरक-पट्ट्यांचं, फेडरचं यंत्र) घ्यायचा विचार आहे. नाहीतर दुकानदाराच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर. पत्राच्या शेवटी तुम्ही पत्नीचं एक वाक्य लिहिलंय: "यानाघाई गानं चांगलं व्हई का?" (याच्यामुळे गाणं चांगलं होईल का?)

वहिनींनी नेमकं विचारलंय. त्याचंच उत्तर आधी देतो.

कंट्रोल सरफेसमधून आवाज जातच नाही. आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) आणि तिथून संगणकात जातो. हे यंत्र फक्त सॉफ्टवेअरला निरोप देतं: अमुक ट्रॅक इतका वर, तमुक इतका खाली. म्हणजे जे काम तुमचा माऊस करतो तेच बोटांनी करायचं. त्यामुळे गाण्याचा आवाज त्याने सुधारत नाही. सुधारतो तो तुमचा हात, आणि ही गोष्ट मी हलकी समजत नाही. गायिका एक ओळ हळू म्हणते, पुढची एकदम जोरात उचलते. तिथं डोळे मिटून, ऐकत ऐकत फेडर वरखाली करणं आणि माऊसने पडद्यावर ठिपके ओढत बसणं, यात फार फरक आहे. मनगट दुखतं म्हणालात, तेही मी धरलंय.

पण पैसे द्यायचे तर तो हात दिवसातून किती वेळ फेडरवर असणार, हे आधी बघावं लागतं. तुमचा अंदाज होता की एका गाण्याच्या मिक्सिंगचे सहा तास चारवर येतील. म्हणून तुम्हाला आठवडाभर वही ठेवायला सांगितली होती. वहीत निघालं ते असं: आवाजाची साफसफाई, श्वास, खाकरणं, मागचा गलका काढणं यात 3 तास. सूर सरळ करण्यात 1 तास. आवाजाची पातळी बसवणं आणि ऑटोमेशन (गाण्यात ती पातळी कुठे वर-खाली व्हावी ते नोंदवणं) यात 1 तास 10 मिनिटं. उरलेली 50 मिनिटं फाइल काढणं आणि गिऱ्हाईकाच्या दुरुस्त्या. फेडरचा उपयोग होतो तो फक्त त्या 1 तास 10 मिनिटांत. साफसफाई आणि सूर दोन्ही माऊसचंच काम, यंत्र कितीही महाग घ्या. म्हणजे गाण्यामागे वाचला तर अर्धा तास.

आता हिशोब बघा. गाण्यामागे निव्वळ साधारण 2,090 रुपये उरतात आणि रेकॉर्डिंग धरून एका गाण्याला दहा तास लागतात. म्हणजे तासाला 209. अर्धा तास गुणिले 46 गाणी, वर्षाला 23 तास वाचले. तासाला 209 प्रमाणे ते 4,800 च्या आसपास होतात. 58,000 वसूल व्हायला बारा वर्षं लागतील आणि त्याआधी फेडरच्या मोटरी काम काढतील.

या यंत्राचे पैसे कुठे वसूल होतात तेही सांगतो. चोपड्याचे एक जण माझ्याकडे येतात, ते बँजो पार्टी आणि ऑर्केस्ट्राचं वीस-चोवीस ट्रॅकचं काम रोज करतात. त्यांना एकाच वेळी चार बोटं चार वाद्यांवर लागतात. त्यांनी आठ फेडर घेतले तेव्हा मी हो म्हणालो होतो. तुमच्या गाण्यात मुख्य आवाज, कोरस, ढोलकी, संबळ आणि कीबोर्डचे चार-पाच ट्रॅक असतात, आणि त्यातही सतत हलवायचा असतो तो एकच, मुख्य आवाज. बाकीचे एकदा बसवले की बसले. हलवायचा ट्रॅक एक असेल तर मोटरचा फेडरही एकच पुरतो.

फेडर आपोआप जागेवर नेणारी मोटर मात्र हवीच, तिथं काटकसर करू नका. दुकानदाराने दुसरा पर्याय म्हणून कोर्ग नॅनोकंट्रोल 2 सुचवलाय, भाव 7,500. त्याला आठ छोटे सरक-पट्टे आहेत, पण मोटर नाही. सॉफ्टवेअरमध्ये आवाज एका जागी आणि पट्टा दुसऱ्या जागी, असं सतत होत राहतं. हात लावला की आवाज एकदम उडी मारतो किंवा पट्टा जुन्या जागेपर्यंत नेऊन जोडून घ्यावा लागतो. शिवाय यंत्र सॉफ्टवेअरला जे साधे मिडी संदेश पाठवतं त्यांत वर-खाली मिळून 128 पायऱ्या असतात, मोटरच्या फेडरची यंत्रं वापरतात त्या मॅकी कंट्रोल पद्धतीत त्याहून कितीतरी बारीक. नुसतं प्ले-रेकॉर्ड दाबायला आणि ढोबळ पातळी बसवायला तो ठीक आहे. गाण्याचा आवाज सांभाळायला नाही.

म्हणून तुमच्या यादीतलं तिसरं यंत्र, एका फेडरचा प्रीसोनस फेडरपोर्ट, मला तुमच्या कामाचा वाटतो. 100 मिलिमीटरचा, बोट लागलेलं ओळखणारा, मोटर असलेला एक फेडर. भाव तुम्ही 21,000 कळवलाय. रीपरमध्ये, म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, ट्रॅक निवडला की फेडर आपोआप त्या जागी जातो. 'टच' मोडमध्ये बोट ठेवलं की नवी हालचाल नोंदली जाते आणि बोट उचललं की फेडर जुन्या रेषेवर परत येतो. एकच ओळ दुरुस्त करायची तर याहून सोयीचं काही नाही. पण घ्यायच्या आधी रीपरचा वेब रिमोट चालू करून, त्याच वायफायवर फोनच्या ब्राउझरमध्ये मिक्सर उघडा. त्याला पैसे लागत नाहीत. फोनवर मोटरच्या फेडरसारखी पकड येणार नाही, पण दोन-तीन आठवड्यांत एवढं नक्की कळेल की बोट खरंच तिकडे जातंय की सवयीने माऊसकडेच.

रीपरवरून आठवलं. 60 दिवसांची चाचणी संपून बरेच दिवस झाले आणि अजून परवाना घेतलेला नाही, असं तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. वर्षाची उलाढाल 20,000 डॉलरच्या आत असली की 60 डॉलरचा परवाना चालतो, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. ज्याच्यावर 46 गाणी केलीत त्याचे पैसे यंत्राआधी द्या. यात मी तडजोड सुचवणार नाही.

आता तीन तासांच्या साफसफाईकडे येतो, कारण पैसा खरा तिथं जिरतोय. तुम्ही पाठवलेलं कानबाईचं (खानदेशातल्या देवीचं) गाणं मी हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्या कडव्यात "माय" हा शब्द संपतो आणि त्या शांततेत महामार्गावरच्या ट्रकचा घरघराट येतो. त्याच्यामागे खोलीचा पत्रा घुमतो. हे काढायला तुम्ही चाळीस मिनिटं घालवल्याचं वहीत आहे. खोलीच्या दोन भिंतींवर आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड कापसाच्या गोधड्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून टांगा, घुमणं बरंच बसेल. ट्रकचा खालचा घरघराट गोधडीने थांबत नाही. त्यासाठी खिडकीच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवा, माइकचं तोंड खिडकीकडे करू नका आणि मुख्य आवाज रात्री दहानंतर घ्या. मे महिन्यात पंखा बंद करून दुपारी रेकॉर्डिंग करणं आपल्याकडे गाणाऱ्यावर अन्यायच आहे, त्यामुळे रात्रच बरी. हा सगळा खर्च दोन-अडीच हजारांत बसेल. तीन तासांचे दोन झाले तरी वर्षाला 46 तास मोकळे होतात. लग्नसराईत तुम्हाला वेळेअभावी पाच गाणी परत पाठवावी लागली होती, ती जवळजवळ सगळी यात बसतील.

यंत्रासाठी आरडीला हात लावू नका. घरखर्च महिन्याला 24,000, म्हणजे सहा महिन्यांचे 1,44,000 बाजूला हवेत. आज तुमच्याकडे या आरडीशिवाय काहीच नाही. कंपनीचा आरोग्य विमा फक्त तुम्हाला आहे, वहिनी आणि मुलगी त्यात नाहीत. मुलीला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं तर फेडर विकून बिल भरता येत नाही, कारण वापरलेल्या यंत्राला पडेल तो भाव घ्यावा लागतो. तिघांची मिळून एकच आरोग्य विम्याची फ्लोटर पॉलिसी आधी घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, तेवढा भार कमी झाला.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो, बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्कही. शिवाय रोख घेतलं असतं तर मिळाली असती ती सवलत जाते. आणि हप्ता दर महिन्याला येणार. आषाढ-श्रावणात तुमच्याकडे महिन्याला दोनच गाणी येतात, तेव्हा तो पगारातून जाईल.

कर वाचेल का, हेही विचारलंत. पगार आणि गाणी मिळून पावणेपाच लाखही होत नाहीत. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य, तेव्हा वाचवायला करच नाही. पण गाण्यांचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा, व्यवसायाच्या उत्पन्नाचा फॉर्म वापरून. उद्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा बँक हेच कागद बघेल.

यंत्राचे पैसे गाण्यांतूनच काढा. एक वेगळं बचत खातं उघडा, प्रत्येक गाण्याचे 3,000 आले की त्याच दिवशी 500 तिकडे टाका. तुमच्याकडे गेल्या हंगामातले 9,000 शिल्लक आहेत. आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) पंचवीस गाणी होतात म्हणालात, म्हणजे आणखी 12,500. एका फेडरची सोय झाली. परवाना आणि गोधड्यांचे सात-आठ हजार या महिन्याच्या गाण्यांतून आधी द्या, यंत्राचं त्यानंतर.

घेताना दुकानात स्वतः जा, फेडर वरपासून खालपर्यंत दहा वेळा चालवून बघा, अडखळतो का ते पाहा. दुरुस्ती कुठे होते आणि पार्सलचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर काम नसेल तेव्हा कापडाने झाकून ठेवा. उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ फेडरच्या फटीत बसते. आणि माइक चालू असताना मोटर हलू देऊ नका, तिचा खरखराट लहान खोलीत रेकॉर्ड होतो.

आरडी मोकळी व्हायच्या आठवडाभर आधी बँकेत जाऊन 80,000 ची मुदत ठेव चार तुकड्यांत करायला सांगा, 20,000 ची एक, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. उरलेल्या 30,000 मधून विम्याचा हप्ता भरा, बाकी बचत खात्यात राहू द्या. वही मात्र आखाजीपर्यंत चालू ठेवा आणि मला पाठवा. गोधड्या लावल्यावर त्या तीन तासांचं काय होतं, ते मला बघायचंय.