अनुभव : शून्य वर्षे

"मॅडम, 62 अर्ज केले. नकारसुद्धा येत नाही हो. एकच आला, तोही पाच मिनिटांत!"

नोकरीच्या शोधात अडकून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या तिला इथे नंदा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नऊ वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी, मग आईच्या आजारपणात तीन वर्षं घरी. आता पुन्हा काम शोधत होती आणि उत्तर न येण्याचा अर्थ तिने स्वतःच लावून टाकला होता, की आपण आता कुणाच्या कामाच्या राहिलो नाही.

अशा वेळी धीर देणं सोपं असतं, पण धीराने फोन येत नाहीत. मी म्हटलं, पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या.

सीव्ही देखणा होता. दोन रकाने, रंगीत पट्टी, प्रत्येक कौशल्यापुढे पाच-पाच ठिपके. वर्डच्या त्या फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाकायला मी सांगितलं. हुद्दे एकीकडे, वर्षं भलतीकडे, ठिपके गायब. आणि हेडरमध्ये असलेला फोन नंबर आलाच नाही. नंदा बघतच राहिली.

मोठ्या कंपन्यांत अर्ज बहुतेकदा आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते मजकूर सुटा करून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं आणि मग एचआरवाले हवे ते शब्द टाकून शोधतात. जाहिरातीत 'ऑडिट' असेल आणि तुम्ही 'हिशेब तपासणी' लिहिलं असेल, तर तुम्ही सापडालच असं नाही. सापडलात तरी पुढचा माणूस वाचत नाही, चाळतो. 2018 मध्ये 'द लॅडर्स' या अमेरिकन नोकरी-संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा पहिल्या चाळणीला सरासरी 7.4 सेकंद लागत होते.

'75 टक्के सीव्ही मशीनच फेकून देतं' हेही तिने कुठेतरी वाचलं होतं. त्या आकड्यामागे धड संशोधन नाही. सॉफ्टवेअर आपोआप बाद करतं ते बहुधा अर्जातल्या ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांवरून, आणि ते निकष माणसांनीच घातलेले असतात.

म्हणून मी तो पाच मिनिटांतला अर्ज उघडायला लावला. प्रश्न होता : 'या कामाचा अनुभव किती वर्षे?' उत्तर : 0.

"हे काय?"

"आता नाहीच ना चालू काही..."

नऊ वर्षं तिने स्वतःच पुसली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी सीव्ही बाजूलाच राहिला. तासभर आम्ही त्या शून्याबद्दलच बोललो. आईची शुश्रूषा करताना लोक विचारायचे, "सध्या घरीच का?" आणि ती "हो, काही नाही करत" म्हणायची. तेच उत्तर तिने फॉर्ममध्ये भरलं होतं.

गॅपची तिची भीती मात्र मी खोटी म्हटली नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या 2021 च्या अहवालात, पाहणीतल्या जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठा खंड असलेले अर्ज गाळत असल्याचं आढळलं होतं. ही चाळणी अन्यायाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण खंड लपवायला वर्षं ताणली, तर पडताळणीत नोकरी हातची जाते. आम्ही एक ओळ लिहिली : 'कुटुंबातील आजारपणामुळे तीन वर्षे विराम, आता पूर्णवेळ उपलब्ध.' बाकी सीव्ही एका रकान्यात, फोन मजकुरात. आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन, कारण ओळखीतून गेलेला अर्ज माणसाच्या हाती पडण्याची शक्यता जास्त. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

पाच आठवड्यांनी ती आली तेव्हा 14 अर्ज झाले होते. दोन मुलाखती झाल्या होत्या, त्यातल्या एकीत नकार.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण तिथल्या बाईंनी फोन करून, नाव घेऊन सांगितलं, अकाउंट्सचं नवं सॉफ्टवेअर येत नाही म्हणून घेत नाही." मग पर्समधून एका क्लासची पावती काढून तिने टेबलावर ठेवली.