ड्राय बाल्कनीत लॉन्ड्रीची जागा करायची असेल तर आधी कपडे कुठे वाळणार ते ठरवा

तुम्ही विचारलंय की पुण्यात २ बीएचके घेतलाय, किचनला लागून ४ बाय ७ फुटांची ड्राय बाल्कनी आहे, तिच्यात वॉशिंग मशीन, हाताने धुवायची सोय आणि वाळत घालायची जागा हे सगळं बसेल का आणि दिसायलाही छान कसं होईल. मी इंटिरियरची कामं करते, आणि सांगते, नीट बसतं. फक्त बहुतेक जण सुरुवात मशीनपासून करतात, मग वर कपाट, मग शेल्फ, आणि दोरी शेवटी उरेल तिथे. हे उलट करा. मशीनचं काम तास-दीड तासात संपतं पण जुलैत जीन्स दोन दोन दिवस ओलीच लटकत असते, म्हणजे जागा खरी लागते ती वाळवायला.

छताला पुलीचा हँगर लावा, ज्यात प्रत्येक पाइप वेगळा खाली-वर होतो तो. ७ फुटांच्या लांबीत ६ फुटी पाइप आरामात बसतो, आणि साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे १८ फूट, तिची लांबीत तीन पदरी घडी केली की बरोबर ६ फुटांत मावते. दोन पाइपांमध्ये निदान ६ इंच तरी अंतर ठेवायला सांगा, नाहीतर कपडे एकमेकांना चिकटतात आणि पावसाळ्यात तो कुबट वास येतो तो इथूनच. हँगर थेट स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुलून घट्ट बसणारा बोल्ट) मारूनच लावायचा, फॉल्स सीलिंगला अजिबात नाही, कारण ७ किलोचा लोड स्पिन होऊन बाहेर आला तरी त्यात तीनेक लिटर पाणी असतंच. आणि भिंतीवर एक छोटा पंखा घ्या, ओल्या कपड्यांवर वारा लागेल असा. याला खर्च कमी आणि फरक खूप पडतो.

आता मशीन. फ्रंट लोड ६० सेंटीमीटर रुंद, ८५ उंच असतं, खोली मॉडेलप्रमाणे ५५-६० च्या आसपास. ते लांब भिंतीला लावलं तर मागच्या पाइपांची जागा धरून समोर दीड-पावणेदोन फूटच उरतो, दार उघडून वाकायला अडचण होते. म्हणून आखूड भिंतीला घ्या, ४८ इंचात २४ चं मशीन आणि शेजारी १८-२० इंचाचं खोलगट सिंक, दोन्हीवर मिळून एकच ग्रॅनाइटचा ओटा ३६ इंचावर. समोर साडेचार फूट मोकळी जागा राहते. ओट्याच्या वर मोठं कपाट मात्र नको, लटकणाऱ्या कपड्यांना ते आडवं येतं, साबण-ब्रश ठेवायला ६ इंचांचं एक शेल्फ पुरतं.

मशीनचा आउटलेट पाइप नहाणी ट्रॅपजवळ (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीजवळ) जमिनीवर नुसता सोडून देतात ते करू नका. त्याचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर हवं, खाली असेल तर सायफन होऊन पाणी भरता भरता निघून जातं आणि मशीन नुसतं भरतच बसतं. प्लंबरला उभा पाइप काढायला सांगा, भिंतीला टाइल्स लागायच्या आधी. वरच्या मजल्यावर असाल तर प्रेशर पण बघून घ्या, बऱ्याच फ्रंट लोडना कमीत कमी ०.३ बार लागतं, म्हणजे टाकी नळाच्या वर ३ मीटर तरी पाहिजे, नाहीतर छोटा पंप. आणि प्लग १६ अँपिअरचाच, अर्थिंगसकट, कारण आतला हीटर २००० वॉटच्या आसपास असतो, शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, ओल्या जागेत यात काटकसर करू नका प्लीज.

अजून एक, धुणं कोण करणार ते विचारा. घरी मावशी येत असतील आणि कॉलर, मोजे हाताने घासत असतील तर सिंकची उंची त्यांच्या कमरेप्रमाणे ठेवा, त्यासाठी तेवढा भाग ३६ इंचांच्या ओट्यापेक्षा वर-खाली घ्यावा लागला तरी चालेल. उंची चुकली की रोज पाठ दुखते आणि ती पाठ आपली नसते म्हणून ड्रॉइंगमध्ये कोणी विचारच करत नाही, मला याचं फार वाईट वाटतं. दोन मिनिटं त्यांना तिथे उभं करून हात कुठे येतो ते मोजायचं, बस्स.

दिसण्याचं म्हणाल तर सिंकखालच्या कपाटाला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) वापरू नका, खालची कड पहिल्याच पावसाळ्यात फुगते आणि सनमायका सुटतो. बीडब्ल्यूपी प्लाय (उकळत्या पाण्यातही टिकणारा), म्हणजे आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, नाहीतर सरळ पीव्हीसी बोर्ड, आणि काहीही असलं तरी जमिनीपासून ४ इंच वर. खाली मॅट अँटीस्किड टाइल्स, उतार ट्रॅपकडे आहे की नाही ते बादलीभर पाणी ओतून बघा आणि मगच मिस्त्रीला पैसे द्या. भिंतीला फिक्या रंगाच्या टाइल्स पूर्ण उंचीपर्यंत घेतल्या की एवढीशी जागा पण मोठी वाटते. लाइट ४००० केल्विनचा, म्हणजे पांढरट घ्या, पिवळ्या लाइटमध्ये हळदीचे डाग दिसत नाहीत.

काचा किंवा ग्रिल लावणार असाल तर आधी सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या, आणि सगळं बंद करू नका, वर निदान फूटभर उघडं ठेवा, वाफ जायला. बाल्कनीत गॅसची लाइन किंवा डाउनटेक पाइप (वरच्या मजल्यांचं पाणी खाली नेणारा) कुठून गेलाय ते कळवा, त्यावरून सिंक डावीकडे घ्यायचं की उजवीकडे ते सांगते.