‘असं वाजव’ म्हणणारे तात्या

मे महिना सरला की माझ्या टपालाचा रंग बदलतो. एरवी हार्मोनियमचा भाता गळतो, मुलाचा आवाज फुटलाय, अशी पत्रं असतात. या खेपेला आलेली बहुतेक पत्रं लोकसंगीताच्या शिबिरांची आणि तिथं शिकवायला आलेल्या माणसांची आहेत. शाळेतून निवृत्त होईपर्यंत मी दर उन्हाळ्यात असं एक शिबिर चालवलं, म्हणून लोक मला विचारतात. उत्तरं माझ्या अनुभवाएवढीच आहेत.

बाई, आमच्या शाळेच्या शिबिरात दोन शिक्षक आले. पखवाजाचे बुवा आळंदीत शिकलेले. ते फळ्यावर बोल लिहितात, मुलं वहीत उतरवून घेतात. संबळ, म्हणजे गोंधळातली काठ्यांनी वाजवायची जोडवाद्यं, शिकवायला शेजारच्या गावचे गोंधळी तात्या आहेत. ते काहीच सांगत नाहीत. ‘असं वाजव’ म्हणतात आणि वाजवून दाखवतात. दहादा विचारलं तर दहादा वाजवतात, पण दर वेळी थोडं वेगळं. पालक विचारतात, अभ्यासक्रम कुठाय? तात्यांना कसं सांगावं?
– एक संयोजक, वाळवा तालुका

तात्यांना काही सांगू नका. पालकांना चहा पाजा आणि थांबायला सांगा.

बुवांची आणि तात्यांची तुलना करू नका. पखवाजाचे बोल तोंडी म्हणायचे, हातानं टाळी द्यायची आणि मग पुडीवर हात ठेवायचा, ही रीत जुनी आहे. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी 1917 साली काढली. बुवा शिकले तिथं गाथेपासून ठेक्यापर्यंत सगळं पाठ करून घेण्याची सवय असते, त्यामुळे त्यांचं शिकवणं वहीत मावतं. तात्या आठ-नऊ वर्षांचे असताना बापामागं झांज धरून रात्रभर जागले असणार. चौक मांडला, दिवटी पेटली, देवदेवतांना गोंधळाला यायची हाक झाली, गण झाला आणि आख्यान सुरू झालं. नायक, म्हणजे आख्यान सांगणारा मुख्य गोंधळी, बोलायला लागला की संबळ कुठं दबतो, जोडीदारानं मध्येच प्रश्न टाकला की कुठं उचलतो, नायकाला दम लागला की ती जागा कशी भरून काढायची, हे त्यांनी डोळे मिटत असताना ऐकलंय. ते दर वेळी वेगळं वाजवतात, कारण त्यांच्या कानात कुणीतरी गात असतं. मुलांना ते गाणं ऐकू येत नाही, एवढीच अडचण आहे.

आमच्याकडे असंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी मुलं रडकुंडीला आली. आमचे संबळवाले पाहुणे वैतागून म्हणाले, “बाई, कुणीतरी गा की! मी काय भिंतीला वाजवू?” मला सर्दी झालेली, तरी अंबाबाईचं एक पद धरलं. गळा बसलेला होता, पण त्यांचे हात लगेच बदलले आणि मुलांनाही कळलं. त्या दिवसापासून मी संबळवाल्याला एकटं बोलावलं नाही. त्यांचा जोडीदार, तुणतुण्यासकट, सोबत येतो. दोघांचं मानधन धरूनच खर्च मांडायचा.

आता बसायची पद्धत. तुम्ही नक्कीच तात्यांना समोर बसवलंय आणि मुलांना रांगेत, वर्गासारखं. समोरून पाहणाऱ्या मुलाला उजवा हात डावा दिसतो. संबळाची एक काठी सरळ, दुसरीचं टोक वाकडं. समोरून शिकलेलं पोर वाकडी काठी उलट्या हातात धरतं आणि ती सवय सोडवायला पुढं महिना जातो. मुलांना तात्यांच्या शेजारी आणि पाठीमागं बसवा, म्हणजे त्यांच्या खांद्यावरून हात दिसतील. तीस मुलांना तीस संबळ मिळणार नाहीत. तेलाचे रिकामे डबे उलटे घालून घ्या. आवाजानं शेजारी ओरडतील, ओरडू द्या.

पालकांना वही हवीच असेल तर बुवांच्या हाताखालच्या एखाद्या हुशार मुलाला संध्याकाळी बसवून त्याला ऐकू आलं तसं लिहू द्या. पण ते तात्यांपुढं नेऊन ‘बरोबर आहे का’ विचारू नका. ते मान हलवतील, आणि त्या मान हलवण्याला काही अर्थ नसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी लिहिते. समारोपाला ‘खरा गोंधळ’ घालून दाखवा, असा आग्रह धरू नका. गोंधळी कदमराई असोत, तुळजापूरच्या भवानीचे, की रेणुराई असोत, माहूरच्या रेणुकेचे, त्यांच्या लेखी चौक मांडणं हा कुणाच्या तरी घरचा कुलाचार असतो. परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ रंगमंचावर नेला आणि काय ताकदीनं नेला! पण ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तुमचे तात्या ‘दिवटी नको’ म्हणाले तर नको.

माझी दहा वर्षांची मुलगी ढोलकी शिकायला म्हणून सात दिवसांच्या शाहिरी शिबिराला गेली. पहिले चार दिवस शाहिरांनी तिला फक्त मागं उभं राहून ‘जी जी रं जी’ म्हणायला लावलं. पैसे भरलेत आम्ही. हे योग्य आहे का?
– एक आई, ठाणे

माझे वडील आयुष्यभर एका शाहिराच्या मागं झील धरत होते, म्हणजे असंच मागून ‘जी जी’ म्हणत होते, तेव्हा मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगते.

झील म्हणजे पोवाड्याचा कणा. शाहीर शेवटचा शब्द कुठं सोडणार, हे झीलकऱ्याला अर्धा श्वास आधी कळावं लागतं. ढोलकीवाल्यालाही तेच लागतं. तुमच्या मुलीला चार दिवसांत श्वास ओळखायला शिकवलं गेलंय, बोटांचं काम पुढं. शिवाय दहा वर्षांच्या मुलीच्या हाताला मोठ्यांची ढोलकी लांब पडते. धुमावर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवर, डावा हात नीट पोचत नाही, खांदा वर चढतो आणि घरी आल्यावर मनगट दुखतं.

तरीही तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. हे सगळं शाहिरांनी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, निदान संयोजकांनी तरी. जाहिरातीत ‘सात दिवसांत ढोलकी’ छापलं असेल तर ती चूक छापणाऱ्याची. मुलीला एकदा विचारा, शाहीर कुठं थांबणार ते तुला आधी कळतं का? ‘हो’ म्हणाली तर पुढच्या वर्षीही पाठवा.

आमच्या शिबिरात जागरण शिकवायला एक वाघ्या येणार आहेत. त्यांची आजोबांच्या काळातली दिमडी, हातात धरून वाजवायचं छोटं चर्मवाद्य, घोरपडीच्या कातड्याची आहे. आवाज अप्रतिम. मुलांना दाखवायला आणू का?
– वाचक, फोंडा, गोवा

नका आणू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला कडक संरक्षण दिलंय आणि तिचं कातडं बाळगणंही अडचणीत आणू शकतं. आजोबांची आठवण आहे, हे कारण तिथं चालत नाही. त्या दिमडीचं पुढं काय करायचं ते वनखात्याच्या कचेरीत विचारून ठरवा. मोबाइलवर तिचे फोटो फिरवू नका. आणि मुलांसमोर त्या भल्या माणसाला चोरासारखं वाटेल असं काही बोलू नका, ही विनंती.

तुम्ही गोव्याचे, तुम्हाला घुमटाचं, त्या मडक्याच्या वाद्याचं, ठाऊकच आहे. तेही पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत. आता बकरीचं कातडं लावतात, आणि 2019 साली गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. दिमडीलाही पातळ तासलेलं बकरीचं कातडं चालतं. आवाज थोडा जाड येतो, जूनमध्ये हवा दमट झाली की बसतोही. फायबरची दिमडी बसत नाही, पण माझ्या कानाला ती स्टीलच्या ताटासारखी लागते. मुलांना सरावाला तीच द्या, पडली तरी फुटत नाही.

जात्यावरच्या ओव्या शिकवायला गावातल्या आजींना बोलावलं. खुर्चीवर बसवलं, माइक दिला. त्यांना एकही ओवी आठवेना. घरी तर अखंड म्हणतात. फार वाईट वाटलं.
– एक शिक्षिका, दौंड

खुर्ची काढा, माइक काढा, जातं आणा. सोबत दोन किलो ज्वारी.

ओवी आठवायची नसते हो, ती हाताला येते. खुंटा फिरला, मुठीनं दाण्यांची वैरण पडली की पहिली ओळ सुटते आणि जातं एक वळण घेतंय तोवर दुसरी सुचते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून गावोगावी फिरून, सोबतच्या बायकांच्या मदतीनं, लाखावर ओव्या गोळा केल्या. इतक्या ओव्या साध्यासुध्या बायकांच्या पोटात होत्या, आणि त्यातल्या कुणी कधी स्वतःला गायिका म्हणवून घेतलं नव्हतं. तुमच्या आजींसमोर एक मुलगी बसवा, खुंट्याला दोघींचे हात लागू द्या. बाकीच्या मुली भोवती. पहिला अर्धा तास पीठच पडेल. गप्प बसा.

पीठ आजींना द्या. नाहीतर त्याच्या भाकरी करून सगळ्यांना वाढा, आम्ही तसं केलं होतं आणि मुलांना शिबिरातलं तेवढंच लक्षात राहिलंय, असं त्यांच्या आया मला अजून सांगतात.

लोककलावंत शिक्षकांना मानधन किती द्यावं? शाल-श्रीफळ चालेल का?
– वाचक, नाशिक

हार्मोनियमच्या सरांना द्याल तेवढंच. एक रुपया कमी नाही.

माझ्या वडिलांना एका मोठ्या कार्यक्रमात शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणात ‘महाराष्ट्राचं वैभव’ म्हणून झालं. गाडीभाडं कुणी विचारलं नाही. रात्री कराडच्या स्टँडवर त्यांनी तो नारळ फोडला आणि जोडीदाराबरोबर खाल्ला, कारण तिकिटानंतर खायला पैसे उरत नव्हते. शाल अजून आहे आमच्याकडे, पेटीवर झाकायला.

पाकीट पहिल्याच दिवशी द्या, सगळ्यांदेखत नको. आणि शेवटच्या दिवशी समारोप लांबवू नका. पाहुणे भाषण करत असतात तेव्हा तात्या घड्याळाकडे बघत असतात. त्यांच्या गावची मुक्कामाची एसटी किती वाजता सुटते ते आधी विचारून ठेवा.