रात्रीचं खाणं आणि परत आलेला डबा

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. 'डाएट' म्हणून शाळेचा डबा तसाच परत आणते. रात्री आम्ही झोपलो की फरसाण, बिस्किटं, उरलेला भात, जे हाती लागेल ते संपवते आणि मग रडत बसते. आठवड्यातून तीनदा तरी. समुपदेशकाकडे चार वेळा गेलो, वजन काही उतरलं नाही. नुसतं बोलून काय होणार?

उत्तर : वजनावरून हा उपचार मोजूच नका. खाण्यावरचा ताबा सुटण्याचे प्रसंग कमी होतायत का, ते बघा.

अशा वेळी बहुधा सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी हळूहळू बदलायला शिकवणारी बोलून करायची उपचारपद्धती वापरतात. तिची सुरुवात वहीपासून होते. नोंद अशी : 'दु. १:३०, डबा खाल्ला नाही. ५:००, चहा. रा. ११:४०, फरसाण अर्धी बरणी, ओट्याशी उभ्यानं. ताबा सुटला. त्याआधी : चाचणीचे मार्क, बाबा बोलले.' कॅलरी लिहायच्या नाहीत. खाल्ल्याबरोबर लिहायचं, दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलं की लाजेपोटी निम्मं गळतं. पंधरवडाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की मुलीला स्वतःलाच दिसतं, रात्रीची भूक दुपारीच तयार झालेली असते.

म्हणून पुढची पायरी वेळेवर खाण्याची : तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, चार तासांहून जास्त खंड नाही. गाडी अडते ती इथेच. रात्री जास्त झालं म्हणून सकाळचा नाश्ता टाळला, की त्या रात्री पुन्हा तेच. नाश्ता झालाच पाहिजे, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. ऊर्मी आल्यावर करायच्या गोष्टी आधीच लिहून ठेवतात : अंघोळ, मैत्रिणीला फोन, गच्चीवर फेरी. (अभ्यास नको, तोच तर ताण आहे.) आरसा, तुलना, घरातली भांडणं हे विषय नंतरच्या भेटींत येतात.

साधारण १६ ते २० भेटी लागतात, आठवड्याला एक. चार भेटींत वही आणि खाण्याच्या वेळा यांचा विषयच निघाला नसेल, नुसता उपदेश झाला असेल, तर समुपदेशक बदला.

घरी कपाटाला कुलूप नको, ती दाखवेल तेवढीच वही बघा. 'जरा सुटलीस हं' म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना तुम्हीच आवरा.

मुद्दाम उलटी, जुलाबाच्या गोळ्या, चक्कर किंवा पाळी थांबणं यांपैकी काही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे जा. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर मुलीला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.